मैना म्हणा, मामा

घाटनांदूरला आमच्या घरात मैना एकच, माझी आत्या. आजी रुक्मिणीबाई जात्यावर बसली की तिच्या ओव्यांत पोरगा म्हणजे राघू आन पोरगी म्हणजे मैना, दुसरं नावच न्हाई. लेक झाली तवा बाकीच्या बाया देवीची नावं सुचवत बसल्या. आजी म्हणली, "दळताना रोज जिला गाते, तीच आली की. मैनाच म्हणायचं."

पण लग्न झालं पाटोद्याला. सासूनं नाव ऐकलं आन नाक मुरडलं. तिच्या लेखी मैना लावणीतली, तमाशाच्या फडावरची. "असलं नाव माझ्या घरात चालायचं न्हाई," म्हणली. ताटात तांदूळ पसरले, अंगठीनं नवं नाव लिहिलं, सत्यशीला. झालं. आता सांगा, पाखरू तेच ना? मायनं गायलं तर लेक, शाहिरानं गायलं की बदनाम? मला आजबी याचा लई राग येतो.

नवरा, म्हणजे आमचे शहादेवमामा, भला माणूस. पण आईपुढं कधी ब्र काढला न्हाई. आत्याला ते नुसतं "अगं" म्हणायचे, सासू गेल्यावरबी. आत्या मला म्हणायची, "वर्षे, ह्यांनी एकदा मैना म्हणावं बघ. बाकी कायबी नगं मला."

"मग तूच सांग की त्यांना."

"मागून घेतल्यावर त्यात काय हाय?"

यंदा पंचमीला माहेरी आली आन अंगणातच कोसळली. डोक्यात रक्तस्राव झालता. अंबाजोगाईच्या दवाखान्यात नेलं, मामा आन सासरची माणसं पाटोद्याहून धावत आली. डॉक्टर म्हणाले, नावानं हाका मारा, शुद्धीवर येतात का बघू. सासरचे सगळे आपले सत्यशीला, सत्यशीला करत होते. तिची पापणीसुद्धा हलली न्हाई. मी कानाशी वाकून म्हणलं, "मैना आत्या." तिनं डोळे उघडले आन मामांकडं बघितलं.

मी मामांचा हात धरला. "मामा, म्हणा. मैना म्हणा."

त्यांचे ओठ हलले. मग त्यांनी इकडंतिकडं बघितलं. दीर-जावा, भाऊबंद, सगळे खाटेभोवती उभे. सत्तरीचा माणूस, पण लाजला. "अगं, मी आलोय," एवढंच म्हणाले. आत्या जरा वेळ बघत राहिली, वाट बघत राहिली, मग तिनं डोळे मिटले. रात्रीच गेली.

सकाळी तिरडी उचलायच्या वेळी मामा तिच्या उशाशी बसले आन हाका मारायला लागले. मैना, मैना. सगळ्यांदेखत, गावाला ऐकू जाईल असं. बाया पदर तोंडाला लावून म्हणल्या, केवढा जीव होता बघा. मला वाटलं, जाऊन त्यांचं तोंड दाबावं. पण त्यांना उठवायला कुणी पुढं होईना, मग मीच हात दिला.

"बास करा मामा," मी म्हणलं, "आता तिला ऐकू येत न्हाई."