उघडे कान

डिसेंबर लागला की आमच्या शहरात गाण्या-नाटकांचा हंगाम सुरू होतो. काल संध्याकाळी मैदानातल्या मांडवात बोचरी थंडी होती. शाली, मफलर आणि कानटोप्यांतून माणसांचे नुसते डोळे दिसत होते. पण तानपुरे जुळू लागले आणि कुणीही न सांगता सगळ्या मांडवाने कानटोप्या काढल्या.

पहिल्यांदाच आलेल्या माझ्या परगावच्या मेहुण्याने शेजारच्या काकूंना विचारलं, “थंडी नाही वाजत?”

“वाजते की! पण कान झाकून गाणं ऐकायचं म्हणजे पाहुण्याशी दाराआडून बोलायचं.”

त्याने गुपचूप मफलर सोडला.

लोक आपल्या शहरातले मनोरे दाखवतात. मी पाहुण्यांना इथे आणतो आणि गारठून लाल झालेले हे कान दाखवतो. कालपासून त्यात मेहुण्याचेही दोन आहेत.