साहेब बरे आहेत ना?

हॉटेलच्या काउंटरवर संगणक असूनही शिगवणकाका पाहुण्याचं नाव आधी रजिस्टरमध्ये लिहायचे. लाल कापडी पाठीचं ते लांबरुंद रजिस्टर; त्यात नाव, कुठून आलात, कशासाठी आलात आणि पुढे कुठे जाणार, असे रकाने. मागे रांग लागलेली असो, मॅनेजर केबिनमधून डोळे वटारत असो, काका पेनाचं टोपण काढून मागे खोचणार, अक्षर कोरून काढणार आणि मगच संगणकाकडे वळणार. "त्याच्यातली माणसं लाइट गेली की गडप," म्हणायचे. "वहीतली कुठं जात नाय."

मी पुण्याच्या एका कंपनीत आहे. इस्पितळांतल्या रक्त तपासायच्या यंत्रांची देखभाल करणं हे माझं काम. रत्नागिरीत आमची चार यंत्रं आहेत, त्यामुळे दर दोन महिन्यांनी दोन दिवसांचा मुक्काम ठरलेला. हॉटेल कंपनीनेच ठरवून दिलेलं. स्टेशनकडून शहरात येताना लागतं, चार मजली, खाली मीटिंगचा हॉल. उतरणारे सगळे कामाचे लोक: औषध कंपन्यांचे प्रतिनिधी, बँकांचे तपासनीस, मासळी परदेशी पाठवणारे व्यापारी. सकाळी प्रत्येक जण वेगळ्या टेबलावर बसून फोनकडे बघत पोहे खातो. समुद्र फार लांब नाही, पण खोलीच्या खिडकीतून दिसायचे ते शेजारच्या इमारतीचे एसीचे डबे.

पहिल्यांदा गेले तेव्हा माझे यजमान जाऊन वर्षही झालं नव्हतं. मूलबाळ नाही. पंचेचाळिशीतली बाई एकटी बॅग ओढत आलेली पाहून काकांनी विचारलं, "मिस्टर मागनं येतायत का?" त्यांचा हेतू चांगलाच होता, पण त्या दिवसांत मला कुणाचीच चौकशी सहन व्हायची नाही. मी तुटकपणे म्हटलं, "नाही. ते घरी आहेत." काकांनी मान डोलावली आणि माझ्या नावाआधी वळणदार अक्षरात 'सौ.' लिहिलं. खोडायला सांगायचं तर सगळंच सांगावं लागलं असतं. मी किल्ली घेऊन वर गेले.

खोलीत सगळं दोन-दोन होतं. दोन टॉवेल, दोन कप, पाण्याच्या दोन बाटल्या, सपातांचे दोन जोड. संध्याकाळी एका कपात चहा प्यायले आणि सकाळी मुद्दाम दुसऱ्या कपात. वेडेपणाच, पण दुसरा कप तसाच कोरडा राहिलेला बघवेना.

दोन महिन्यांनी पुन्हा गेले, तर काकांचा पहिला प्रश्न, "साहेब बरे आहेत ना?" मी म्हटलं, "बरे आहेत." निघताना त्यांनी वर्तमानपत्रात गुंडाळलेली फणसपोळी हातात दिली. "साहेबांना द्या. आमच्या गावची हाय." ती मी पुण्याला नेली आणि चार संध्याकाळी बसून एकटीने संपवली. पुढच्या खेपेला विचारलं, "आवडली का साहेबांना?" आवडली, म्हटलं. मग आमसुलं आली, कुळथाचं पीठ आलं, मे महिन्यात दोन डझन आंबे आले. इतके आंबे एकटीला संपेनात तेव्हा मी सांगून टाकलं, की साहेबांना मधुमेह आहे. काका हळहळले. पुढच्या वेळी कारल्याच्या काचऱ्या घेऊन हजर.

माझं खोटं असं अंगाशी आलं खरं, पण खरं सांगायचं तर ते मला सोडवतही नव्हतं. पुण्यात माझ्या नवऱ्याचं नाव कुणी काढत नसे. नातेवाईक तर तो विषय निघू नये म्हणून हवापाण्यावर बोलायचे. रत्नागिरीत मात्र दर दोन महिन्यांनी एक माणूस त्यांची तब्येत विचारायचा, त्यांच्यासाठी कारली वाळवायचा. घाट उतरू लागले की मला बरं वाटू लागे. साहेब तिथे बरे होते.

काकांचंही हळूहळू कळत गेलं. मुंबईत एका लॉजच्या काउंटरवर तीस वर्षं काढून ते बायकोसह लांज्याजवळच्या आपल्या वाडीत परतले होते. घराला नवीन पत्रा घातला, कलमं लावली आणि दुसऱ्याच वर्षी बायको गेली. मुलगा आणि सून विरारला, दोघंही नोकरीवाले. "घर खायला उठायचा," काका म्हणायचे. "इथं कसा, दर घडीला दार उघडता, कोणतरी आत येता." पाहुण्यांशी ते शुद्ध बोलायचे, पण मनातलं बोलताना भाषा हमखास गावाकडे वळायची. राहायला हॉटेलमागचीच एक खोली. घरी जायचे ते गणपतीला आणि शिमग्याला.

तीन वर्षांपूर्वी माझी खेप नेमकी शिमग्याच्या दिवसांत आली. काकांनी माझं नाव लिहिलं, पण पेनाचं टोपण लावायचं राहून गेलं. असं कधी होत नसे. म्हणाले, "मॅडम, एक मागणं हाय. नाय म्हणालात तरी चालेल."

त्यांच्या गावात शिमग्याला ग्रामदेवीची पालखी घरोघर येते, घरात बसते आणि घरची बाई देवीची ओटी भरते. काकांची बायको गेली त्या वर्षी सुतक, म्हणून पालखी घरात आली नाही. पुढच्या वर्षी आली, तर ओटी भरायला घरचं कुणी नव्हतं. शेजारच्या वहिनींनी भरली. "पण ती तिच्या घरची. बायका कुजबुजल्या, शिगवणांचा घर बंद झाला म्हणून. बंद घराला पालखी दारावरनंच नारळ घेते नि पुढं जाते. सुनेला दोनदा फोन केला, तिला रजा नाय. परवा रविवार हाय. तुमी याल? तुमी आमच्या घरी ओटी भराल?"

त्या माणसाला नाही म्हणणं मला जमलं नाही. हो म्हणून वर गेले आणि पलंगावर बसून राहिले. देवीची ओटी सवाष्णीने भरायची हे मला कुणी सांगायला नको होतं. यजमान गेल्यावर माझ्या सख्ख्या पुतणीच्या डोहाळजेवणात मला गोड बोलून शेवटच्या रांगेत बसवलं होतं. त्या रांगेत बसायला मी शिकले होते. पण काकांचं घर बंद पडू नये म्हणून खोटी सवाष्ण होऊन देवीपुढे जायचं, हे मात्र मला मानवत नव्हतं.

रविवारी सकाळी माझ्या गाडीने निघालो. काका इस्त्रीचा पांढरा सदरा घालून पुढे बसले होते. मांडीवर पिशवी, तिच्यात खण, नारळ, तांदूळ. हातखंब्याच्या तिठ्यावर चहाला थांबलो. इथून गाडी लांज्याच्या रस्त्याला लागली की सांगणं झालं नसतं. मी चहाचा ग्लास खाली ठेवला आणि म्हटलं, "काका, माझे यजमान नाहीत. तुम्ही पहिल्यांदा विचारलंत तेव्हाही नव्हते."

काकांनी आपला ग्लास बाजूला ठेवला. मग म्हणाले, "मंग फणसपोळी?"

"मीच खाल्ली."

"कारली?"

"तीही मीच. मला आवडत नाहीत."

ते हसले नाहीत. उठून रस्त्याच्या कडेला गेले आणि मुंबईकडून येणाऱ्या गाड्यांकडे बघत बराच वेळ उभे राहिले. माझ्या मनात आलं, आता हे एसटीने एकटेच जातील, आणि जावंच त्यांनी. परत आले तेव्हा डोळे लाल होते. म्हणाले, "ही गेल्यावर मी हॉटेलात नवीन आलो. हॉटेलातली पोरं विचारायची, काकी कुठं असते? मी सांगायचो, गावाला हाय. सहा महिने सांगत होतो. मंग विरारवरनं माझ्या झिलाचाच फोन आला नि सगळ्यांना कळला."

मी म्हटलं, "मी तुम्हाला सोडते आणि परत फिरते. ओटी वहिनीच भरतील."

"का?"

"का म्हणजे काय, काका."

त्यांनी पिशवी उचलली. "सौ. ही सासरची गोष्ट. माहेराला त्याचा काय? माहेरी पोरगी ती पोरगीच. माझी बहीण म्हणून चल." आणि गाडीचं दार उघडता उघडता म्हणाले, "देवी काय रजिस्टर बगत नाय, बाय."

मॅडमची मी 'बाय' झाले ती तिथे, तिठ्यावर.

घर लहान होतं, पण अंगण नुकतंच सारवलेलं. शेजारच्या वहिनी, काकांच्याच वयाच्या, ताट घेऊन आल्या. "ह्या कोन?" काका म्हणाले, "माझी भैन. पुण्याची." वहिनींची नजर माझ्या मोकळ्या गळ्यावर गेली आणि तिथेच थांबली. लांबून ढोल ऐकू यायला लागला होता. वहिनींनी हळदीकुंकवाचं ताट माझ्या हातात दिलं. "ओढनी डोक्यावर घ्या. पालखी आली."

पालखी आत येऊन पाटावर बसली. ओटी भरताना तांदूळ निम्मे जमिनीवर सांडले. खण, नारळ ठेवून मी मागे झाले, तर गुरवाने गाऱ्हाणं घालायला सुरुवात केली होती. घराचं नाव घेतलं, काकांचं घेतलं, विरारच्या मुलाचं घेतलं. मग काका त्याच्या कानाशी काहीतरी बोलले. गुरवाने आवाज चढवला, "आणि बा म्हाराजा, ही ह्या घरची माहेरवाशीण आज तुझ्या पायाशी आली हाय. एकटी हाय. तिच्या पाठी उभा ऱ्हा म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" घरात, अंगणात उभी असलेली चाळीसएक माणसं एका आवाजात म्हणाली. मला एकालाही ओळखत नसलेली माणसं. मी ओढणी तोंडावर घेऊन रडले. यजमान गेल्यापासून इतक्या लोकांत रडले नव्हते.

पुढच्या खेपेला काकांनी रजिस्टरमध्ये माझं नुसतं नाव लिहिलं. "जेवलीस, बाय?" एवढंच विचारलं. साहेबांची चौकशी बंद झाली, आणि मला चुकल्यासारखं वाटू लागलं. पण एका दुपारी काउंटरवर कुणी नसताना काका स्वतःहून म्हणाले, "कसे होते साहेब? आता खरा सांग." मी तासभर बोलले. मधुमेह नव्हता हे सांगितलं. गोडाचे शौकीन होते, आंबे त्यांनी एका बैठकीत सहा खाल्ले असते. काका ऐकत होते. शेवटी म्हणाले, "पायरीची पेटी दिली असती मी." पुढच्या शिमग्यालाही मी गेले. वहिनींनी ताट आधीच तयार ठेवलं होतं.

त्याच वर्षी काका गणपतीला गावी गेले आणि पाचव्या दिवशी, विसर्जन करून आल्यावर, पडवीत बसल्या बसल्या गेले. मला कळलं ते पुढच्या मुक्कामाला. काउंटरवर नवी मुलगी होती. रजिस्टर नव्हतं. कुठे आहे विचारलं, तर म्हणाली, जुनी रजिस्टरं मॅनेजरसाहेबांनी काढून टाकली. वर खोलीत जाऊन मी दोन्ही कप कपाटात ठेवून दिले.

त्यानंतरचा शिमगा सुतकात गेला. यंदा मी विरारला फोन लावला. काकांचा मुलगा नीट बोलला, आत्या म्हणाला, पण रजा नाही म्हणाला. "घर बंदच राहील आता, आत्या. दारावरनं नारळ घेतील." मी विचारलं, किल्ली वहिनींकडेच असते ना? तो म्हणाला, हो.

काल इथे, त्याच हॉटेलात आले. रत्नागिरीत या आठवड्यात माझं काहीच काम नाही. खोलीचं भाडं पहिल्यांदाच कंपनीचं नाही, माझं. काउंटरवरच्या मुलीने टॅबवर बोट ठेवून सवयीने विचारलं, "बिझनेस ना, मॅडम?"

"नाही," मी म्हटलं. "उद्या घरी पालखी येतेय."

तिचं बोट थांबलं. मुलगी इकडचीच असावी, चेहरा एकदम उजळला. "अय्या, कुठं गाव तुमचं?"

"लांज्याच्या अलीकडे आत."

"मंग लवकर निघा, गर्दी असते रस्त्याला. ओटीचं सामान घेतलात?"

"घेतलं."

"आणि ओटी कोण भरतं तुमच्याकडं?"

"मी," मी म्हटलं. "मी माहेरवाशीण आहे तिथली."