महासोलोने वाचवलेला लेमूर

गावात अक्षर बरं होतं ते एकट्या महासोलोचं. तेवढ्या भांडवलावर तो रानराखा झाला. एरवी तो बंदरावरच्या शहरात वाढलेला आणि बायकोच्या गावी येऊन राहिलेला माणूस. रानाची शिकवणी तीन दिवस होती. दुसऱ्या दिवशी भात अंगावर आला आणि त्याने दुपारभर मस्त डुलक्या काढल्या. नेमकं काय बुडालं, ते त्याला ऑगस्टात, तिकडच्या कोरड्या हिवाळ्यात, कळलं.

वाऱ्याने पडलेल्या झाडाच्या ढोलीत त्याला एक लेमूर, माकडाच्या कुळातलं रानजनावर, सापडला. मुठीएवढा, जाड शेपटीचा, थंडगार. "धुगधुगी आहे गं अजून!" असं बायकोला ओरडून सांगत त्याने तो सदऱ्यात घातला आणि चुलीपाशी ठाण मांडलं. तासाभरात लेमूरने डोळे उघडले. मग काय, स्वारी गावभर सांगत सुटली.

ऐकून सासरे आले. त्सिअवेरी त्यांचं नाव. हेच लेमूर ढोल्यांतून काढून खाण्यात त्यांचा जन्म गेलेला, आणि त्यावरून याच जावयाने त्यांना भर गावसभेत झापलेलं. ते पोट धरधरून हसले.

"जावईबापू, मेला नव्हता हो तो, झोपला होता! पाऊस येईपर्यंत झोपतात हे. शेपटीतली चरबी पुरवून पुरवून खातात. तुम्ही उठवलंत, चरबी जाळलीत. आता रानात फळ ना फूल. खाईल काय, तुमचं अक्षर?"

महासोलोचं तोंड एवढंसं झालं. शिकाऱ्याने निदान भुकेपोटी मारला असता. हा शहाणा मायेने मारायला निघाला होता.

"मामा, आता काय करू?"

"सावलीतली गार ढोली बघा. आपोआप झोपेल."

"मला एकही ठाऊक नाही. तुम्हीच दाखवा."

 ढोली दाखवायची म्हणजे म्हाताऱ्याने स्वतःचं जेवणाचं भांडंच रानराख्याच्या हवाली करायचं. शेवटी ते उठले. कोरड्या ओढ्यापलीकडे एका जाड झाडाशी थांबून त्यांनी हात पुढे केला. महासोलोला लेमूर त्या हातात देववेना. अखेर दिला, तर म्हाताऱ्याने पोर पाळण्यात ठेवावं तसा तो आत ठेवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी दोघं पुन्हा गेले. लेमूर वेटोळं करून पडला होता, थंडगार. महासोलोला आनंदाने रडूच आलं.

मग त्याने रानराख्याची नोंदवही काढली. 'प्राण्याला त्रास कुणी दिला' या रकान्यात वळणदार अक्षरात स्वतःचं नाव घातलं आणि जागेच्या रकान्याकडे वळला.

"ते नका लिहू," सासरे म्हणाले. "उद्या दुसरा कुणी वाचवायला येईल."

महासोलोने रकाना कोरा ठेवला.