डावं वळण आणि साखरेचा डबा

आमचे साडूभाऊ, म्हणजे आमच्या मंडळींच्या थोरल्या बहिणीचे यजमान, यांनी चाळीस वर्षं गाड्यांचे कार्ब्युरेटर दुरुस्त केले. माणूस भेटला की आधी त्याच्या गाडीची तब्येत विचारणार, मग त्याची. त्यांची स्वतःची गाडी मात्र अशी धूर ओकायची की शेजारणीची वाळलेली धुणी परत धुवायला जायची. धुराच्या तपासणीत ती दोनदा नापास झाली. तिसऱ्यांदा झाली तर थेट भंगारात, असा कागद आला. तारीख पुढच्या गुरुवारची.

"ह्या गाडीत दोन्ही पोरी चालवायला शिकल्या," साडूभाऊ म्हणाले, "आणि ही माझ्याशी भांडायला. भंगारात मी जाईन, गाडी नाही."

"काय ते लवकर ठरवा," त्यांची बायको, म्हणजे आमची आक्का, म्हणाली, "दोघांना एकाच टेम्पोत पाठवते."

मग त्यांनी कार्ब्युरेटर काढला आणि एका ठोकलेल्या गाडीचं, पेट्रोल फवारून देणारं इंजेक्शन आणून बसवलं. मला समजावलं ते असं. कार्ब्युरेटरला पेट्रोल हातावर पाणी घातल्यासारखं मिळालं तरी भागतं. इंजेक्शनला पिचकारीचा जोर लागतो. म्हणून टाकीला दांडगा पंप, नवे पाइप, आणि उरलेलं पेट्रोल टाकीत परत सोडायला एक वेगळी नळी. मी सातवी पास. मला कळलं म्हणजे कुणालाही कळावं.

रविवारी गाडी सुरू झाली. धूर औषधालाही नाही. साडूभाऊंनी सायलेन्सरपाशी पांढरा रुमाल धरला, तो आधी माझ्या नाकाला लावला, मग आक्काच्या. त्या आनंदात आम्ही दोघं दूध आणायला निघालो आणि पहिल्याच डाव्या वळणावर गाडीला उचकी लागली. दुसऱ्या उचकीला बंद. उजवीकडे वळलो, तर लोण्यातून सुरी. परत डावीकडे, परत उचकी.

टाकी पावभर राहिली की डाव्या वळणात सगळं पेट्रोल उजव्या कोपऱ्यात धावायचं आणि पंपाच्या तोंडी नुसती हवा यायची.

"मग टाकी गच्च भरा की," मी म्हणालो.

"पावच्या वर पेट्रोल असलं तर तपासणीला आत घेत नाहीत हो. आणि फाटकातून शिरलं की पहिलंच वळण डावं."

सोमवारभर आम्ही फक्त उजवीकडे वळत फिरलो, कारण तीन उजवी म्हणजे एक डावं. समोरच्या गल्लीतलं दूध आणायला आम्ही न्हाव्याच्या दुकानावरून तीनदा गेलो. तिसऱ्यांदा तो गिऱ्हाईकाच्या तोंडाचा फेस तसाच ठेवून बाहेर आला. "वस्ताद, काही हरवलंय का?"

"डावी बाजू," साडूभाऊ म्हणाले आणि उजवीकडे वळले.

मंगळवारी मात्र त्यांचं तोंड उतरलं. गुरुवारच्या शर्टाचं बटण तुटलेलं, तेसुद्धा त्यांनी नशिबावर ढकललं. आक्कानं बटणांची वाटी त्यांच्यापुढे सरकवली. ही वाटी म्हणजे काढून टाकलेल्या कार्ब्युरेटरच्या पोटातला पेला. आक्काकडे काही वाया जात नाही. साडूभाऊंनी बटण उचललं, वाटीत पाहिलं, बटण परत टाकलं, परत उचललं. मला वाटलं, गेले हातचे.

"साडूभाऊ," ते मला हळूच म्हणाले, "मी गाढव आहे."

"आत्ता कळलं का," आतून आक्का.

त्याचं असं होतं. जुनं इंजिन ह्या वाटीतलं पेट्रोल प्यायचं. वळणावर टाकीतून घोटभर हवा आली तरी वाटी भरलेलीच. चाळीस वर्षं त्यांनी हजारो वाट्या घासल्या आणि स्वतःच्या गाडीची तेवढी काढून बटणांना दिली. आता पंपाला त्याची वाटी परत द्यायची, तीही टाकीच्या आत. परतीची नळी तिच्यातच सोडायची, म्हणजे ती सदा काठोकाठ.

"पण एवढीशी वाटी पंपाच्या दाताला पुरायची नाही. मोठं भांडं हवं. पितळेचं, म्हणजे झाळून टाकीला जोडता येईल."

आम्ही दोघांनीही आक्काच्या पितळी साखरेच्या डब्याकडे पाहिलं नाही. आक्कानं पाहिलं. मग साखर पातेल्यात ओतली, डबा त्यांच्या पुढ्यात आदळला आणि म्हणाली, "नापास झालात तर परत येऊ नका."

बुधवारभर टाकी उतरवून, रिकामी करून, चारचारदा धुऊन, वरचा पत्रा कापून डबा आत झाळला. बुडाला बारीक भोकं पाडली, पेट्रोल आत यायला.

गुरुवारी मी मागच्या सीटवर वजन म्हणून. पुढे तपासणीच्या बाई, मांडीवर कागद लावलेली फळी. फाटक आलं. डावं वळण. गाडी अशी वळली की बाईंचं पेन हललं नाही.

"आता उजवीकडे घ्या," बाई म्हणाल्या.

साडूभाऊ डावीकडे वळले.

"काका, उजवीकडे."

"हो हो, एवढं एक," असं म्हणत त्यांनी आणखी तीन घेतली. धुराचं यंत्रही गप्प बसलं. बाईंनी शिक्का मारला आणि म्हणाल्या, "धूर पास. वळणं जरा जास्तच पास."

घरी येऊन त्यांनी आक्काला पुढे बसवलं आणि गल्लीला डावीकडून फेऱ्या सुरू केल्या. तिसऱ्या फेरीला न्हावी वस्तरा घेऊन दारात. "आज उलटे का?"

साडूभाऊंनी नुसता हात हलवला. आक्का काचेबाहेर बघत म्हणाली, "वळताना जरा बेतानं. माझा डबा सांडेल."