कवळीवाल्या ताईंची साक्ष

ताई कवळ्या बनवायच्या. दवाखान्यांतून जबड्यांचे ठसे यायचे, ताई त्यात प्लास्टर ओतायच्या, साचा निघाला की मेणावर एकेक दात बसवायच्या आणि समोरचा माणूस कधीही न पाहता त्याचं हसू तयार करून पाठवून द्यायच्या. सव्वीस वर्षं हेच काम. स्टेशनरीच्या दुकानावरच्या दोन खोल्या, खिडकीखाली लांब टेबल, घासायची मोटर आणि फळीवर चिठ्ठ्या लावलेले पंचवीस-तीस जबडे. नवखा माणूस आत आला की आधी दचकायचा आणि मग नकळत तोंडावर हात ठेवायचा.

चर्चच्या मंडळीत मात्र ताईंची ओळख वेगळी होती. दर रविवारी तिसऱ्या बाकावर, डोक्यावर पांढरा रुमाल, मांडीवर पवित्र शास्त्र. मुलांचा रविवारचा वर्ग त्यांच्याकडे होता. मतं एकदम पक्की. लग्न म्हणजे एक पुरुष आणि एक स्त्री यांनी देवापुढे केलेला करार, आणि तो मरेपर्यंतचा. घराचं मस्तक नवरा. उपदेशाला पुरुषानेच उभं राहावं. टीव्हीवरच्या मालिकांना त्या ‘घटस्फोटाची शिकवणी’ म्हणायच्या. त्यांची भाची लग्न न करता एका मुलाबरोबर राहायला गेली, तेव्हा ताईंनी तिच्या नव्या घरात पाऊल टाकलं नाही. भेट म्हणून दोन चादरी मात्र पाठवल्या. दोन्ही एकेरी पलंगाच्या.

“मावशी, आमच्याकडे पलंग एकच आहे,” भाचीने फोनवर सांगितलं.

“मग दुसरा घ्या,” ताई म्हणाल्या.

आणि अशा या ताई स्वतः अठ्ठेचाळीस वर्षांच्या आणि बिनलग्नाच्या. स्थळं आली होती, पण ज्याला मनापासून हो म्हणावं असा कोणी भेटला नाही. मन नसताना शपथ घेणं म्हणजे देवाच्या तोंडावर खोटं बोलणं, असं त्यांचं सरळ गणित होतं. याचं त्यांना दुःख नव्हतं. दुःख लोकांना व्हायचं.

मंडळीतले मीटरवाले भाऊ पाणीखात्यात होते, घरोघर मीटर तपासत फिरायचे. दहा महिन्यांपूर्वी त्यांची बायको गेली. मागे शाळेत जाणाऱ्या दोन मुली. एका दुपारी चर्चच्या पाळकांची बायको पाळकीणबाई आणि मंडळीचा कारभार पाहणाऱ्या वडीलमंडळातले सर्वांत थोरले काका ताईंच्या खोलीचा जिना चढून आले. ताई एका वरच्या जबड्याला मेण लावत होत्या.

“देवाने जागा तयार करून ठेवली आहे,” पाळकीणबाई स्टुलावर टेकत म्हणाल्या. “त्या घराला बाईमाणूस हवं, आणि तुम्ही मोकळ्या आहात.”

“मोकळी कुठे? शुक्रवारपर्यंत अकरा कवळ्या द्यायच्या आहेत.”

“थट्टा नको ताई. स्त्री ही साहाय्यक म्हणून घडवली गेली. तुम्हीच तर मुलांना शिकवता.”

“शिकवते. तीच शिकवण पुढे असंही म्हणते की नवऱ्याने बायकोवर जीव ओवाळून टाकावा. भाऊंना माझ्यावर जीव ओवाळायचा आहे का, विचारलंत त्यांना?”

काकांनी घसा खाकरला. “त्यांना विचारायचं काय? गरज दिसतेच आहे.”

“गरज आहे ती स्वयंपाकाची आणि मुलींच्या वेण्यांची. त्यासाठी करार करायचा असेल तर पगार ठरवा. देवाला मध्ये घेऊ नका.”

ताईंनी मोटर सुरू केली. तिच्या घरघरीत कोणाचंच बोलणं ऐकू येत नसे, हे पाहुण्यांनाही ठाऊक होतं. ते जिना उतरले.

पुढच्या महिन्यात कुटुंबाचा रविवार आला. पाळकांनी चाळीस मिनिटं विवाहावर उपदेश केला, आणि त्यातल्या शब्दाशब्दाला ताई मान डोलावत होत्या. शेवटी पाळक म्हणाले, “आपल्या एका बहिणीचं मन कठीण झालं आहे. ते मऊ व्हावं, तिने देवाकडून आलेलं आपलं खरं पाचारण ओळखावं, म्हणून प्रार्थना करू.” नाव घेतलं नाही. पण सगळ्या माना तिसऱ्या बाकाकडे वळल्या, आणि चौथ्या बाकावर बसलेले मीटरवाले भाऊ कानशिलापर्यंत लाल झाले.

ताईंनी मांडीवरचं शास्त्र मिटलं. सभेत बायकांनी उपदेश करू नये हा नियम त्यांना मान्य होता, त्या तो मोडणार नव्हत्या. पण प्रार्थनेनंतर आपला विश्वास आणि अनुभव सभेपुढे सांगायची, साक्षीची वेळ असे, आणि साक्ष द्यायला कोणालाही मुभा होती. ताई उठल्या.

“मी साक्ष देते,” त्या म्हणाल्या. “मी विवाहाला पवित्र मानते. पाळकांनी आज सांगितलेला प्रत्येक शब्द मला मान्य आहे. म्हणूनच मी नाही म्हटलं. जग लग्नाला सोय समजतं, म्हणून आपण जगाला नावं ठेवतो. मग आपणही सोय म्हणूनच लग्न लावायला निघालो, तर जगात आणि आपल्यात फरक काय राहिला? एकटं राहणं हेसुद्धा देवाचं दान आहे, हे याच मंडळीत मला शिकवलं गेलं. मी ते दान घेतलं. ते परत करायला मला कोणी सांगू नये. माझं मन कठीण नाही. ते ठरलेलं आहे.”

त्या बसल्या. कोणी आमेन म्हटलं नाही. मागच्या बाकावरची एक म्हातारी विधवा तेवढी “हं” म्हणाली, पण चांगली मोठ्याने.

बातमी भाचीपर्यंत संध्याकाळच्या आत पोचली. “मावशी, मस्त केलंस. त्या लोकांना असंच पाहिजे. आता ते सगळं सोडूनच दे ना.”

“मी तुझ्या बाजूने बोलले नाही,” ताई म्हणाल्या. “‘ते लोक’ म्हणजे माझे लोक. आणि तू लग्न कर.”

दुसऱ्या आठवड्यात वडीलमंडळाने ताईंना बोलावलं. पाच पुरुष, टेबलावर पाण्याचा जग आणि टाइप केलेलं माफीपत्र, फक्त सही बाकी. सभेची शिस्त मोडली, पाळकांचा अवमान केला, असं त्यात होतं. ताईंनी चष्मा लावून ते दोनदा वाचलं.

“यातलं एकही वाक्य खरं नाही. सही केली तर मी खोटी साक्षीदार ठरेन.”

“मग मुलांचा वर्ग तुमच्याकडे राहणार नाही,” काका म्हणाले.

हे लागलं. वर्गात एकोणीस मुलं होती, आणि कोणाचा कुठला दात पडायला आलाय हेही ताईंना ठाऊक होतं. त्यांनी जगमधलं पाणी ओतून घेतलं, सावकाश प्यायलं.

“वर्ग देणं-काढणं तुमच्या अधिकारात आहे. मी अधिकार मानते. सही करणार नाही.”

वर्ग गेला. त्या रात्री ताई जेवल्या नाहीत, हे त्यांनी कोणाला सांगितलं नाही.

काही दिवसांनी मीटरवाले भाऊ जिना चढून आले. दारातच उभे राहिले, टोपी हातात फिरवत.

“मी कोणाला सांगितलं नव्हतं ताई. तुमच्याबद्दल म्हणा, कोणाबद्दलच. मला तिचा फोटो अजून भिंतीवर लावता येत नाही, दुसरं लग्न कुठलं? पण माझ्या तोंडून नकार निघाला नाही. तुम्ही बोललात आणि माझीही सुटका झाली.”

“तुम्हीच बोलायला हवं होतं,” ताई म्हणाल्या. “घराचं मस्तक तुम्ही.”

भाऊ खाली मान घालून हसले. त्या रविवारी त्यांनी साक्षीच्या वेळी उभं राहून दोनच वाक्यं सांगितली: लग्न मी मागितलं नव्हतं, आणि ताईंवर अन्याय झाला. काकांनी छताकडे पाहिलं.

माफी कोणी मागितली नाही, ना वडीलमंडळाने ना ताईंनी. पलीकडच्या रस्त्यावरच्या, गिटार वाजवणाऱ्या नव्या मंडळीने ताईंना निरोप धाडला: आमच्याकडे या, आमच्यात बायका उपदेशही करतात. ताईंनी निरोप आणणारीला चहा पाजला आणि सांगितलं, “तिथे मला पटणार नाही. आणि माझं इथलं भांडण माझ्या घरातलं आहे.”

वर्ग दीड वर्षाने परत मिळाला, कारण तीन शिक्षक बदलूनही मुलं कोणाचं ऐकेनात. पाळकांनी वर्गखोलीची किल्ली स्वतः आणून दिली. तोपर्यंतचा एकही रविवार ताईंनी चुकवला नव्हता. तिसऱ्या बाकावर, पांढरा रुमाल बांधून, अगदी ताठ बसायच्या. विवाहावर उपदेश असला की बाकीच्यांपेक्षा जोरात आमेन म्हणायच्या, आणि म्हणताना थेट पाळकांच्या डोळ्यांत पाहायच्या.