दोन मंत्री आणि एक चांदीचं ताट

पाहुणे हॉलच्या दारात आले आणि मेश्राम धावत किचनमध्ये शिरले. "मावशी, ते चांदीचं ताट उचला. आत्ताच्या आत्ता!"

"का? मुख्यमंत्री येणार असं तुम्हीच म्हणालात."

"दोघं सारखे आहेत हो! त्यांच्या सेक्रेटरीनं आत्ता सांगितलं."

इथे परदेशात, आयसेलिन गावात माझं केटरिंग आहे. शाळा चौथीपर्यंत, पण पंगत मांडणं मला कुणी शिकवायला लागत नाही. मेश्राम नागपूरचे, त्यांची सॉफ्टवेअरची कंपनी. समुद्रापलीकडच्या एका छोट्या प्रांतात त्यांना ऑफिस काढायचं होतं. तिथले दोन मंत्री जेवून करारावर सही करणार होते. सही झाली नाही तर मेश्रामांची सगळी धावपळ पाण्यात.

मी आधीच विचारलं होतं, दोघांत मोठं कोण? ते म्हणाले, "बाई मुख्यमंत्री, गृहस्थ उपमुख्यमंत्री." आपल्याकडे 'उप' म्हणजे एक पायरी खाली. म्हणून बाईंना चांदीचं ताट आणि रांगोळी, गृहस्थांना स्टीलचं. चूक मेश्रामांची आणि माझी, दोघांची. मी एकटी घेणार नाही.

तो प्रांत एका मोठ्या देशाचा भाग आहे. शाळा, दवाखाने, रस्ते एवढा कारभार त्यांच्याकडे दिलेला. तिथल्या दोन समाजांनी वर्षानुवर्षं एकमेकांची माणसं मारली. आता सरकार दोघांचं मिळून. दोन्हीकडचा एकेक प्रमुख. नावात 'उप' असला तरी अधिकार तेवढाच. एकाच्या सहीला दुसऱ्याशिवाय किंमत नाही. एकानं राजीनामा दिला की दुसऱ्याचंही पद जातं.

मी ताटापर्यंत पोचेतो फोटोग्राफर कॅमेरा रोखून उभा. गृहस्थ खुर्चीमागे थांबले. "मी उभाच बरा आहे," म्हणाले. रागावले नव्हते, पण बसतही नव्हते.

बाईंनी ताटाकडे पाहिलं. "हे तुम्ही घ्या."

"फोटोत? तुमचे लोक तुम्हाला कच्चं खातील."

"आणि मी ठेवलं तर तुमचे लोक तुम्हाला."

बाई माझ्याकडे वळल्या. "पेपर प्लेट्स आहेत का?"

"आहेत. पण कटाची आमटी त्यातून गळते," मी माझ्या इंग्लिशमध्ये सांगितलं. पुरणपोळीचा बेत कागदावर वाढायचा म्हणजे माझ्या जिवावर आलं होतं.

"गळू द्या," गृहस्थ म्हणाले. "दोघांची सारखीच गळेल." आणि खुर्ची ओढून बसले.

सेक्रेटरी माझ्या कानाशी आला. दोघांना एकदमच वाढायचं. मग एका बाजूनं मी, दुसऱ्या बाजूनं माझी सून. मी मान हलवली की दोघींचा हात खाली.

"त्यांची पोळी मोठी दिसते," बाई म्हणाल्या.

"तो हॉस्पिटलचा हट्ट सोडा, अर्धी देतो."

"मग राहू द्या, तुम्हीच खा."

जेवण होईपर्यंत दोघं त्या हॉस्पिटलवरून भांडले. कुणाच्या गावात बांधायचं, यावर. गोड बोलणं नाही, पाठ थोपटणं नाही. एकमेकांना ते आवडत नव्हते हे आंधळ्यालाही दिसलं असतं. पण आमटी टेबलावर उतरली तेव्हा बाईंनी आपला नॅपकिन गृहस्थांच्या प्लेटखाली सरकवला आणि वाक्य न तोडता भांडण पुढे चालू ठेवलं. मला ही माणसं पटली.

मग सह्या. कराराच्या दोन प्रती. दोघांनी एकाच वेळी पेन टेकवलं, प्रती बदलल्या, पुन्हा टेकवलं. मेश्राम आधी ग्लासभर पाणी प्यायले.

त्यांचं तिकडचं ऑफिस आता चालू आहे. इथे प्रेमानं सुरू झालेल्या पार्टनरशिप मी पुष्कळ पाहिल्या. दोन दिवाळ्यांत वकिलाकडे जातात. ज्यांचं पटत नाही ती माणसं सगळं आधी ठरवून घेतात, आणि काम होतं.