बावड्याला जुनी लेव्हल घेताना आखला गेलेला रस्ता

माझी पुतणी मुक्ता हिने ठेकेदाराकडील नोकरी सोडून वडगाव निंबाळकरला स्वतःचे मोजणीचे काम सुरू केले. जमिनीचा चढउतार मोजणारे लेव्हल यंत्र भाड्याचे असल्यामुळे मिळकत भाड्यातच जात असे आणि नवे यंत्र घेणे आवाक्याबाहेरचे होते. जुने घ्यावे, तर ते वाकडे निघण्याची भीती. वाकड्या लेव्हलने टाकलेल्या पाइपलाइनचे पाणी उलटे येते आणि त्याबरोबर गिऱ्हाईकही. खरेदीला तिला सोबत हवी होती. मी आयुष्यभर तर्कशास्त्र शिकवले. विक्रेत्याची विधाने तपासण्यापुरता माझा उपयोग होईल, असे तिला वाटले असावे.

पुण्याहून सासवड, जेजुरी, नीरा या मार्गाने वडगाव गाठले. रस्ता बरा आहे, मात्र ऊसगाड्यांच्या मागे अडकल्यास संयम सोबत असावा. तेथून मुक्ताच्या गाडीने बारामती. पहिले यंत्र तेथे पाहिले. त्याच्या तिवईवर मालकाने कुंडी ठेवली होती आणि मोजपट्टीने चिंचा पाडल्या जात होत्या. भिंगात बुरशी. "वातावरणामुळं दिसतंय तसं," मालक म्हणाले. आम्ही निघालो.

निमगाव केतकीवरून इंदापूर. स्टँडजवळ उसळ-भाकरी खाल्ली. ती ताजी आणि तिखट होती. याहून मोठे विधान मी करणार नाही.

दुसरे यंत्र बावड्याजवळ, बबनराव नावाच्या माजी ठेकेदाराकडे होते. यंत्र नीटनेटके दिसत होते. "चारला लोणी देवकरचा मानूस येतोय," ते म्हणाले. "पैलं तुमी बघा, न्हाय तर तो घेऊन जाईल."

यंत्राची चाचणी सोपी आहे. दोन ठिकाणी पट्टी उभी धरायची, यंत्र मध्यावर ठेवून दोन्हीकडचे आकडे वाचायचे. मग यंत्र एका टोकाशी नेऊन तेच पुन्हा करायचे. दोन्ही वेळचा फरक जुळला, तर यंत्र सरळ पाहते. आतल्या रस्त्यावर आम्ही तिवई मांडली, बबनरावांनी पट्टी धरली आणि पहिले दोन आकडे निर्वेध मिळाले.

तोवर शेजारच्या दोडक्याच्या मांडवातून हणमंततात्या बाहेर आले. "सायब, रस्ता कुनाच्यातनं चाललाय?"

"कोणताही रस्ता नियोजित नाही," मी म्हणालो. "आम्ही केवळ यंत्राची चाचणी घेत आहोत."

तात्या मागे वळून ओरडले, "नियोजित म्हनलं रं! एवढं शुद्ध बोलतंय म्हंजी सरकारीच हाय."

मी पुन्हा नकार दिला. "मागं मोठा रस्ता झाला तवाबी असंच न्हाय न्हाय म्हनत हुते," तात्या म्हणाले. या युक्तिवादात नकार हाच पुरावा होता. मी गप्प बसलो. तेही पुराव्यात जमा झाले.

पलीकडच्या माळाच्या मालकीण शालनकाकू धावत आल्या. "माझ्यातनं न्या की सायब! खडकावर कुसळ उगवत न्हाय, भरपाई तरी पिकंल." त्यांचे यजमान दुचाकीवरून डाळिंबाची रोपे घेऊन आले आणि पहारीने खडक फोडू लागले. झाडांची भरपाई वेगळी मिळते, असे मला समजावण्यात आले.

"आता झाडं लावती व्हय?" तात्या कडाडले. "लाज धर!"

"तुमी मागं गोठा बांधला त्यो म्हशी यायच्या आदी का नंतर?" काकूंनी विचारले. तात्यांना म्हैस कधीच नव्हती, असे बबनरावांनी हळूच सांगितले.

चार वाजत आले होते. मुक्ताने यंत्र टोकाशी नेले. पण भिंगातून पट्टी दिसेना, फक्त जमलेल्या गर्दीच्या टोप्या आणि पदर. मी जाहीर केले, "समजा, रस्ता या रेषेतून जाणार असेल, तर रेषेत उभ्या असलेल्यांची जमीन जाईल." विधान निर्दोष होते. तात्यांचा पक्ष पळाला आणि काकूंचा पक्ष रेषेत दाटीने उभा राहिला.

मुक्ता शांतपणे म्हणाली, "काकू, पट्टी तुम्हीच धरा. तुमची माणसं बाजूला घ्या. आणि हलू नका, पट्टी कलली की आकडा बिघडतो."

"बिघडला की रस्ता तात्याकडं जाईल," काकू म्हणाल्या आणि त्यांनी श्वाससुद्धा रोखला. इतकी स्थिर पट्टी आपण पाहिली नव्हती, असे मुक्ता म्हणते. फरक जुळला. खोट्या गृहीतकावरून खरा निष्कर्ष निघू शकतो, हे मी वर्षानुवर्षे फळ्यावर लिहिले होते. उन्हात घडताना प्रथमच पाहिले. लोणी देवकरचे गृहस्थ पोहोचले तेव्हा यंत्र आमच्या डिकीत होते.

जाणाऱ्यांसाठी सूचना: टोपी न्या, चाचणी विक्रेत्याच्या अंगणात घ्या आणि तेथे साधे बोला.

पुण्यास परतल्यावर त्या प्रदेशाविषयी माझी बरीच मते तयार झाली होती, पण मुक्ताच्या फोनमुळे त्यातील बहुतेक मला दुरुस्त करावी लागली. तिला पहिले काम बावड्याचेच आले होते. तात्या आणि काकू एकत्र आले होते, निम्मा-निम्मा खर्च ठरवून.

"मी स्वच्छ सांगितलं, रस्ता नाही," ती म्हणाली. "तर तात्या म्हणतात, 'मान्य. पन नसलेला रस्ता आमच्या दोघांच्या बांधापास्नं किती लांब हाय, तेवढं मोजून द्या.' आबा, घेऊ का काम?"

मी एक दिवस मागून घेतला. जे नाही त्याच्यापासूनचे अंतर मोजता येत नाही. परंतु तिवई ज्या जागी उभी होती ती जागा आहे, आणि नकाशावर तेवढेच लिहिले तर कोणाची फसवणूक होत नाही. मी होकार कळवला, अट एवढीच की "रस्ता" हा शब्द कोठेही येऊ नये.

तिने अट पाळली. नकाशावर त्या जागेचे नाव आहे "आबा उभे होते ते ठिकाण". मोजणीत मी काकूंच्या बांधाला अधिक जवळ निघालो. रस्ता नको असलेल्या तात्यांनीच फेरमोजणी मागितली आहे.